गालाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर शाळेत कधी रुजू व्हावं?

एका ताईंचा प्रश्न आहे, तो थोडक्यात असा. त्यांचे यजमान ४६ वर्षांचे, यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. बरीच वर्षं खर्रा (तंबाखू, सुपारी आणि चुन्याचं मिश्रण) खायचे. उजव्या गालाच्या आत कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये गालाचा भाग, खालच्या जबड्याची कड आणि उजव्या बाजूच्या मानेतल्या गाठी काढल्या, छातीचं मांस वर आणून गाल भरला. त्यानंतर सहा आठवडे किरणोपचार झाले, ते संपून महिना झालाय. नाकातली नळी निघाली आहे. पण तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, बोलणं अस्पष्ट येतं. जेवण एकटेच, आतल्या खोलीत घेतात. सासूबाई म्हणतात वर्षभर पूर्ण आराम, त्यांनी सरांचं ताट-वाटीही वेगळं ठेवलंय. रजा संपत आलीय. शाळेत कधी जावं, आणि तोवर घरी काय करावं?

ताई, मी डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांसोबत काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. औषधांबद्दल तुमचे सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर सांगतील तेच खरं. पण तुम्ही जे विचारलंय ते सगळं ऑपरेशन आणि किरणोपचार संपल्यानंतर सुरू होतं, आणि नेमकं तेव्हाच हातात डिस्चार्जचा कागद देऊन आपल्याला घरी पाठवलेलं असतं.

आधी आरामाचं. सासूबाईंची माया कळते. टायफॉइडमध्ये, बाळंतपणात आराम चालतो, इथे तो उलटतो. किरणांनी भाजलेलं तोंड बाहेरून बरं झालं तरी आतले स्नायू त्यानंतरच कडक व्हायला लागतात. किरणोपचार संपल्यावरच्या पहिल्या नऊ-दहा महिन्यांत तोंड सगळ्यात वेगानं आवळतं. सर आत्ता त्या काळाच्या सुरुवातीलाच आहेत. आज जे दोन बोटं उघडतंय ते काहीच केलं नाही तर दीड बोटावर येईल, आणि एकदा आवळलेलं तोंड परत उघडणं फार अवघड असतं. शिवाय खर्रा खाणाऱ्यांच्या गालाची कातडी सुपारीमुळे आधीच ताठरलेली असते, डाव्या गालाचीसुद्धा. त्यामुळे दुखणं सोसेल एवढ्यावर थांबून रोज काम करायचं. वर्षभर पडून राहणं सरांना परवडणारं नाही.

तोंडाचा व्यायाम सुरू करण्याआधी एक गोष्ट तपासा. ऑपरेशनच्या कागदावर 'मार्जिनल' लिहिलंय की 'सेगमेंटल'? मार्जिनल म्हणजे जबड्याची फक्त वरची कड तासली, हाडाचा पट्टा अखंड आहे. तुम्ही 'कड काढली' म्हणता, त्यावरून हेच असावं. सेगमेंटल म्हणजे हाडाचा तुकडाच काढला, मग तिथे पायाचं हाड किंवा धातूची पट्टी बसवलेली असू शकते. दोन्हीमध्ये किती जोर लावायचा हे वेगवेगळं. मार्जिनलमध्येही उरलेलं हाड बारीक असतं, म्हणून पुढच्या भेटीत सर्जनना एवढंच विचारा: "लाकडी पट्ट्यांनी तोंड ताणायला परवानगी आहे का, आणि किती जोरानं?" होकार आला की त्याच दिवशी सुरू करा.

औषधाच्या दुकानात जीभ दाबून घसा बघायच्या लाकडी पट्ट्या मिळतात. नाहीच मिळाल्या तर आइस्क्रीमच्या कांड्या धुऊन चालतात. सहज मावतील तेवढ्या पट्ट्यांची गड्डी दाढांमध्ये ठेवायची, हलणारा दात असेल तर त्याच्यावर नाही. मग मधोमध आणखी एक पट्टी हळूच सरकवायची. ताण जाणवला पाहिजे, डोळ्यांत पाणी येता कामा नये. अर्धा मिनिट धरायचं, सोडायचं, पाच-सात वेळा. हे दिवसातून पाच-सहा वेळा. एकदाच अर्धा तास जोर लावून काही साधत नाही, उलट जबडा सुजतो आणि मग चार दिवस माणूस पट्टीला हात लावत नाही. शिक्षकाला तासिकेची सवय असते, तेव्हा घड्याळ लावून करा. मधल्या वेळात तोंड मोकळं उघडायचं, जबडा डावीकडे-उजवीकडे हलवायचा. गालावर गरम शेक मात्र देऊ नका. तिथली कातडी बधिर आहे आणि किरणांनी नाजूक झालीय, भाजलं तरी सरांना कळणार नाही.

दर रविवारी मोजायचं. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमध्ये प्लॅस्टिकची पट्टी उभी धरा, किती मिलिमीटर ते वहीत लिहा. ३५ मिलिमीटरच्या खाली असेल तर आम्ही तोंड आवळलंय असं म्हणतो. सगळ्यांचं ३५ पर्यंत येत नाही, विशेषतः जिथे सुपारीनं तोंड आधीच आवळलेलं आहे तिथे. पण २२ चे २८ झाले तरी चमचा, ब्रश आणि दातांच्या डॉक्टरांचा आरसा आत जातो, आणि एवढ्यानं रोजचं जगणं बदलतं. आठ आठवड्यांत आकडा अजिबात हलला नाही तर जबड्याचं उपकरण किंवा दुसरा उपाय बघावा लागतो, तेव्हा ती वही घेऊन फिजिओकडे या. वहीचा आणखी एक उपयोग पुढे सांगते.

आता खांदा. बहुतेक घरांत हा प्रश्न येतोच: गाठ गालात होती, मग मान का कापली? कारण गालाचा कॅन्सर आधी मानेतल्या लसीकाग्रंथींमध्ये, म्हणजे याच गाठींमध्ये, उतरतो, कधीकधी हाताला लागण्याआधीच. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये यावर मोठा अभ्यास झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेच्या गाठी लगेच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. वाट पाहून, मानेत गाठ आल्यावर काढल्या त्या गटात ६७.५ टक्के. तेव्हा मान उगीच कापलेली नाही. किंमत मात्र खांदा मोजतो. खांद्याचा मोठा स्नायू चालवणारी नस या गाठींमधूनच जाते. सर्जन ती शक्यतो वाचवतात, पण वाचवलेली नससुद्धा ओढली-हाताळली गेल्यानं काही महिने झोपलेली असते. खांदा खाली लोंबतो, हात बाजूनं वर उचलला की मध्येच अडतो, मानेपासून दंडापर्यंत ओढ लागते. सरांच्या बाबतीत छातीचा स्नायूही त्याच बाजूचा उचललाय, म्हणून पुढूनही ताण.

नस जागी होईपर्यंत दोन कामं: सांधा आखडू द्यायचा नाही, आणि लोंबत्या हाताला आधार द्यायचा. बसताना उजव्या कोपराखाली उशी. चालताना हात खिशात. झोपताना डाव्या कुशीवर, छातीशी उशी धरून. शाळेची बॅग, बाजाराची पिशवी, पाण्याची बादली उजव्या हातात घ्यायची नाही. व्यायाम उताणं झोपून सुरू करा: दोन्ही हातांत काठी धरून डोक्यामागे न्यायची, डाव्या हातानं उजव्याला मदत. मग बसून दोन्ही खवाटे मागे एकमेकांकडे ओढायचे, पाच आकडे मोजून सोडायचे. हे चांगलं जमलं की भिंतीवर बोटांनी चढायचं. आरशासमोर करा, कारण हात वर नेताना सगळे खांदा कानाकडे उचलून फसवणूक करतात, आणि ते स्वतःला कळत नाही. जखमा पूर्ण भरल्यात, दुखणं कमी आहे, असं झाल्यावर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीनं वजनाचे व्यायाम सुरू होतात. लोक वजनाला घाबरतात, पण खांद्याचं दुखणं आणि ताकद दोन्ही खरं सुधारतं ते या टप्प्यावर. हा टप्पा एकदा तरी फिजिओच्या नजरेखाली करून घ्या. नसेला सहा महिने ते वर्ष लागू शकतं. सहा महिन्यांनी हात तसाच असेल म्हणजे सगळं संपलं असं नाही.

मानेच्या कातडीचं थोडक्यात: कानाची पाळी आणि जबड्याखालचा भाग बधिर राहील. दाढी ब्लेडनं नको, इलेक्ट्रिक मशीननं. बाहेर पडताना सुती दुपट्टा, तोही सैल. विदर्भातलं ऊन त्या कातडीला सोसत नाही. हनुवटीखाली सकाळी पिशवीसारखी सूज दिसेल, दिवसभरात उतरेल. रात्री डोक्याखाली उशी जरा उंच ठेवा. मान वळत नाही तोवर मोटारसायकल नको. मागचं बघायला अख्खं अंग वळवावं लागत असेल, तर आरसे कितीही चांगले असले तरी नको.

आता जेवणाचं. माझ्या मते खरा अडसर इथेच आहे. तोंड कमी उघडतं, ओठाच्या एका बाजूला संवेदना नाही म्हणून वरण ओघळतं, गालाच्या खोबणीत घास अडकतो, बोटानं काढावा लागतो. शिक्षक म्हणून ज्यांनी आयुष्यभर चारचौघांत मान ताठ ठेवली, ते अशा वेळी आतल्या खोलीत जातात. पुरुषांच्या बाबतीत घरचेही याला राग समजतात. बहुतेकदा ती लाज असते.

ताट-वाटी आजच एकत्र करा. कॅन्सर उष्ट्यानं, श्वासानं, एका ग्लासातून पाणी पिण्यानं किंवा शेजारी झोपल्यानं होत नाही. तुमच्या दोघांच्या जवळिकीलाही कसली बंदी नाही. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, डॉक्टरांकडून सांगवा. पुढच्या भेटीला त्यांना सोबत घेऊन जा. सुनेनं सांगितलं तर वाद होतो, डॉक्टरांनी सांगितलं तर ताट धुतलं जातं.

एकत्र जेवणाची सुरुवात दिवसातल्या एका सोप्या जेवणानं करा. आरशासमोर आधी दोन-तीन दिवस सराव: छोटा चमचा, घास डाव्या बाजूला, गिळल्यावर पाण्याचा घोट, रुमालानं ओठ टिपणं ही सवय. मग रात्रीच्या जेवणाला तुमच्याबरोबर. मुलं असतील तर त्यांना आधीच सांगा, बाबांना पाऊण तास लागेल, कुणी उठायचं नाही. पाहुण्यांसमोर, लग्नाच्या पंगतीत लगेच ढकलू नका.

सरांसाठी वेगळा स्वयंपाक करत बसलात तर तुम्ही थकाल आणि त्यांना आजारी असल्याची रोज आठवण राहील. एकच भाजी-वरण करा, तिखट घालण्याआधी त्यांचा वाटा काढा आणि मऊ करा. मऊ भात आणि तूप घातलेलं घट्ट वरण, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, ज्वारीची आंबील, अंड्याची भुर्जी, दही, शिरा, पिकलेलं केळ. प्रत्येक घासात ताकद हवी, कारण घास कमी जाणार आहेत. म्हणून नुसतं डाळीचं पाणी आणि सूप देऊन समाधान मानू नका, त्यात तूप, दूधपावडर, शेंगदाण्याचं बारीक कूट घाला. दर आठवड्याला वजन करा. चव अजून परतली नसेल तर काही महिने लागतात. किरणोपचाराच्या भागात लाळ कमीच राहते, म्हणून पाण्याची बाटली कायम सोबत. जेवणानंतर एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून त्यानं चुळा भरायच्या. बाजारातलं झोंबणारं, अल्कोहोल असलेलं माउथवॉश नको.

पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, गिळल्यावर आवाज घोगरा, पाणी भरल्यासारखा येत असेल, किंवा मध्येच ताप-खोकला येत असेल, तर घास-पाणी श्वासनलिकेत जातंय. ते सवयीनं जाईल म्हणून थांबू नका. गिळण्याची तपासणी करणारे थेरपिस्ट मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत असतात, त्यांना दाखवा.

दातांचं एक वाक्य पाठ करून ठेवा, कारण यात चूक झाली तर जबड्याचं हाड सडू शकतं: किरणोपचार झालेल्या जबड्यातला दात, कितीही दुखत असला, कितीही वर्षं झाली तरी, रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढायचा नाही. गावातल्या डेंटिस्टना खुर्चीत बसण्याआधी सांगायचं की जबड्याला किरणं दिलीत. रोज फ्लोराइडची टूथपेस्ट, मऊ ब्रश.

आणि खर्रा. तुम्ही लिहिलंय 'आता सोडलाय, फक्त जेवणानंतर गोड सुपारी'. तीही बंद. तंबाखू नसलेली सुपारी निरुपद्रवी असते हा गैरसमज फार जुना आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच नुसत्या सुपारीला कॅन्सरकारक ठरवलंय, आणि तोंड आवळण्याचं मूळ तर तीच. सकाळी पट्ट्यांनी ताणायचं आणि दुपारी सुपारीनं आवळायचं, असं होईल. सोडायला एकट्याला जड जात असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, तिथे समुपदेशक बोलतात. शाळेच्या आजूबाजूला कोण पुडी पुढे करणार हे सरांना आजच माहीत आहे. त्या दोन-तीन मित्रांशी रुजू होण्याआधी बोलून घ्यावं.

आता शाळा. माझं मत: दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा. म्हणजे अजून साधारण दोन महिने आहेत, आणि विदर्भात तेव्हा ऊनही उतरलेलं असतं. पूर्ण बरं वाटेपर्यंत थांबले तर तो दिवस येणार नाही, कारण घरी बसून बोलणं सुधारत नाही आणि खांदाही. तारीख नक्की करण्याआधी तीन गोष्टी पाहा. सलग दहा मिनिटं मोठ्यानं वाचल्यावर घरातल्या बाहेरच्या खोलीत कळतं का. पाऊण तास बसून डबा पोटात जातो का आणि वजन टिकून आहे का. सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर चालल्यावर दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागत नाही ना. थकवा किरणोपचारानंतर काही महिने राहतोच, पण चालण्यानं तो कमी होतो, झोपून राहण्यानं वाढतो.

बोलण्यासाठी रोज वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं, हळू, तोंड जरुरीपेक्षा जास्त हलवत. फोनवर आवाज भरून ऐकायचा. प, ब, म ही अक्षरं ओठ नीट मिटत नसल्यानं बिघडतात, तर तोंड कमी उघडल्यामुळे आ, ए दबतात. तोंडाचा आकडा वाढला की निम्मं बोलणं आपोआप सुधारतं. वर्गासाठी कानाला लावायचा छोटा माइक आणि कमरेला अडकवायचा स्पीकर मिळतो, कोचिंग क्लासवाले वापरतात तसा. तो घ्या. आवाज ताणायची गरज राहत नाही.

फळ्याचा प्रश्न खांद्याचा आहे. डोळ्यांच्या उंचीच्या वर लिहायचं नाही, फळ्याचा खालचा अर्धा भाग वापरायचा, बाकी मुलांकडून लिहून घ्यायचं. चौथी-पाचवीची मुलं फळ्यावर लिहायला भांडतात, त्यात शिकवणं कमी होत नाही. मुख्याध्यापकांशी रुजू होण्याआधीच बोला: पहिला महिना दोन तासांनंतर एक मोकळा, परिपाठ आणि मैदान दुसऱ्याकडे, वर्ग तळमजल्यावर. हे तोंडी ठरतं, पण तंदुरुस्तीच्या दाखल्यावर डॉक्टरांकडून 'वजन उचलणे टाळावे, सलग बोलणे मर्यादित' असं लिहून घेतलं तर पुढे कुणी बदललं तरी अडचण येत नाही.

मुलं बघतील, विचारतील. चेहऱ्याची एक बाजू बसलीय हे लपणार नाही, मास्कनं तर अजिबात नाही, उलट बोलणं आणखी दबेल. पहिल्याच तासाला सरांनी स्वतः दोन वाक्यांत सांगावं: गालात गाठ होती, काढली, म्हणून बोलणं असं आहे, कळलं नाही तर परत विचारा. कशामुळे झाली हे सांगायचं की नाही ते त्यांच्यावर सोडा. काही शिक्षक सांगतात, काहींना ते जमत नाही. उपदेश करण्यासाठी त्यांना पुढे उभं करू नका, शाळेलाही करू देऊ नका. मोठी माणसं, विशेषतः गावातली आणि स्टाफरूममधली, मुलांपेक्षा जास्त त्रास देतात, 'किती वाळलात' म्हणून. त्याचं उत्तर तुम्ही दोघांनी आधीच ठरवून ठेवा.

चिडचिड, रात्री झोप न लागणं, कुणाशीच न बोलणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं किंवा जगण्यात अर्थ नाही असं ते बोलले, तर त्याच रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. त्याला औषध आहे, आणि ते घेतल्यानं बाकीचा व्यायाम होतो.

तपासणी चुकवू नका. पहिल्या वर्षी साधारण एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी थोडं लांबवतात. मानेला किरणं दिल्यामुळे थायरॉइडचं काम मंदावू शकतं, म्हणून सहा ते बारा महिन्यांनी रक्तात टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, बघायची. नाहीतर वाढता थकवा आजाराचा समजून आपण झुरत बसतो. दोन आठवड्यांत न भरणारा तोंडातला छाला, डाव्या गालावरचा पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत नवी गाठ, कानात कळा हे दिसलं की पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. आणि वहीचा तो दुसरा उपयोग: रोज व्यायाम चालू असताना दोन-तीन रविवार आकडा सलग घसरला आणि सोबत दुखणं वाढलं, तर व्यायाम वाढवू नका, आधी सर्जनना दाखवा. आजार परत येतानाही तोंड असंच आवळतं. रेल्वेनं जात असाल तर कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला तिकिटात सवलत मिळते, त्याचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून घ्या, आणि त्याच फेरीत सर्जन, दातांचे डॉक्टर आणि फिजिओ तिघांच्या वेळा मागा.